एकशे सदतीस तंद्र्या

राजनंदिनी शिरतोडे दिवसातून किती वेळा थांबते, हे लिहून ठेवायचं काम डॉक्टरांनी तिच्या आईवर सोपवलं. नोंदी ठेवण्यात वैजयंता शिरतोडेइतकं मुरलेलं माणूस तालुक्यात शोधून सापडलं नसतं. सतरा वर्षं ती कुरणवाडीच्या अंगणवाडीत सेविका होती. मुलांची वजनं, उंच्या, दंडाचे घेर, लशींच्या तारखा असं सगळं तिच्या हातून आधी वहीत गेलं होतं, पुढे मोबाइलमध्ये.

राजी थांबायची म्हणजे खरोखरच थांबायची. घास तोंडाकडे नेताना हात अधांतरी राहायचा, पापण्या किंचित फडफडायच्या, आणि पाच-सहा सेकंदांनी घास तोंडात जायचा. मध्ये काही झालं याचा तिला पत्ताही नसे. घरात आधी हसू झालं. वडील दिनकर तिला ‘आमची ध्यानस्थ बाई’ म्हणायचे. पाचव्या वर्षी पहिली मोठी फिट आली, दात घट्ट मिटले, ओठ निळे पडले, तेव्हा हसणं संपलं. तीन औषधं झाली, चौथं झालं. फिट आठवड्याला एक यायचीच.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉ. शबनम मुजावर यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. त्यात कोळिष्टकासारख्या हजारो रेघा होत्या.

“लहान मुलाच्या मेंदूत जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात,” त्या म्हणाल्या. “मूल वाढतं तसा मेंदू वापरातल्या जोडण्या ठेवतो, बाकीच्या काढून टाकतो.”

“म्हंजे खरड छाटणीच की,” दिनकर म्हणाला. तो द्राक्षबागांच्या छाटणीची टोळी चालवायचा. एप्रिल आला की पंधरा माणसं घेऊन गावोगाव फिरायचा.

“अगदी तीच. माझ्या मामांची बाग होती कवठ्याला,” डॉक्टर हसल्या. “पण तुम्ही काडी बघून छाटता. मेंदूतला माळी आंधळा असतो. जी वाट जास्त वापरली ती चांगली, एवढंच त्याला कळतं. आणि फिटसुद्धा वाट वापरते. राजी दिवसातून वीस वेळा थांबते, म्हणजे वीस वेळा तीच वाट तुडवली जाते. बोलण्याच्या, लक्ष देण्याच्या जोडण्या राहायच्या त्या ठिकाणी फिटच्या जोडण्या जाड होतात. मोठी फिट तुम्हाला भिववते. मला भीती वाटते ती या छोट्यांची.”

मग त्यांनी चकती दाखवली. पाच रुपयांच्या नाण्याएवढी, कानामागे कातडीखाली बसणारी, आणि तिच्यातून केसाहून बारीक तारा आत गेलेल्या. मोठी फिट उठायला लागली की ती ओळखून चकती सूक्ष्म विजेने तिथल्या तिथे ती मोडायची. हे काम तिला कोणी शिकवावं लागत नसे. दुसरं काम नाजूक होतं. मूल झोपलं की चकती निरोगी वाटांना हलके हलके जोर द्यायची, म्हणजे छाटणीत त्या टिकाव्यात, आणि फिटच्या वाटा उपाशी ठेवायची, म्हणजे त्या वाळून जाव्यात.

“पण निरोगी कुठली आणि फिटची कुठली, हे चकतीला कसं कळणार?” वैजयंताने विचारलं.

“नेमकं विचारलंत. कुठलंही मूल कधीकधी तंद्री लावतं. राजीची तंद्री आणि राजीची छोटी फिट, दोन्हींच्या लहरी यंत्रात जवळजवळ सारख्याच दिसतात. इथे दवाखान्यात तीन दिवस ठेवून पाहिलं, तर नव्या जागेत ती तंद्री लावतच नाही. म्हणून पहिले नव्वद दिवस चकती तुम्हाला विचारणार. रोज संध्याकाळी मोबाइल त्या दिवसातल्या एक-दोन शंकेच्या लहरी निवडून सांगेल, अमुक वाजता, इतके सेकंद. तीन बटणं आहेत. ‘फिट’, ‘तंद्री’ आणि ‘पाहिलं नाही’. ‘पाहिलं नाही’ दाबलंत तर चकती त्या लहरीला हात लावत नाही. त्याने काही बिघडत नाही, म्हणून बिनधास्त दाबा. पण अंदाजाने काही दाबू नका. खरं तेच दाबा.”

वैजयंताने मान हलवली. सतरा वर्षांत प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी हे वाक्य तिने ऐकलं होतं.

निघताना डॉक्टर सहज म्हणाल्या, “नशीबवान आहात. राज्याला साठ चकत्या मिळाल्यात आणि यादीत सातशे मुलं आहेत. नव्वद दिवसांनी समिती आढावा घेईल, तेव्हा भेटूच.”

येताना एसटीत दिनकर चकतीबद्दल बोलत होता. वैजयंताच्या डोक्यात समिती होती.

*

जूनच्या सुरुवातीला चकती बसली. महिनाअखेरीस राजी पुन्हा शाळेत गेली त्या पहिल्याच संध्याकाळी मोबाइल शुद्ध मराठीत बोलला. “आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. सात सेकंद. राजनंदिनीला काय झालं होतं?”

अकरा वीसला राजी शाळेत होती आणि वैजयंता अंगणवाडीत तीस पोरांना खिचडी वाढत होती. बोट ‘पाहिलं नाही’वर गेलं आणि थांबलं. पाहिलं नाही, म्हणजे आई कुठे होती? रकाना रिकामा दिसला की पहिला प्रश्न हाच येतो, बाई कुठे होत्या. तिने ‘तंद्री’ दाबलं.

“संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटं. आठ सेकंद.”

यावेळी दोघंही उंबऱ्यातच बसलेले होते. राजीच्या हातून दुधाचा पेला निसटून पायरीवर पडला होता आणि ती सांडलेल्या दुधाकडे न बघता समोर बघत राहिली होती. वैजयंताने पुन्हा ‘तंद्री’ दाबलं.

“अगं, ही फिट हुती,” दिनकर म्हणाला. “पेला पडला की हातातनं.”

“पेला पडला म्हंजे लगेच फिट? परवा तुमच्या हातातनं कात्री पडली. तुम्हाला पण चकती बसवू?”

“मस्करी नको, वैजू. डॉक्टरीण काय म्हणली?”

“डॉक्टरीण म्हणली नव्वद दिवसांनी समिती. साठ चकत्या, सातशे पोरं. जिला रोज फिटा दिसतील तिची चकती ठेवतील, का काढून दुसरीला देतील?”

“असं ती म्हणली न्हाई.”

“असं कुणी म्हणतच नसतं. कागद आल्यावर कळतं.”

कागदांच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा असे, आणि तो तिने कमावलेला होता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वैजयंताने वजनं खरी लिहिली होती. काटा दाखवील ते. चार मुलं लाल रेषेखाली, म्हणजे तीव्र कुपोषित निघाली. तिला वाटलं, आता त्यांना जादा आहार येईल, डॉक्टर येतील. पंधरा दिवसांनी जीप आली. तिच्यातून तीन माणसं उतरली, त्यांनी काटा तपासला, वही तपासली, स्वयंपाकाची भांडी तपासली आणि खुलासा मागितला. महिनाभरात तीन नोटिसा आल्या. जादा आहार आलाच नाही. तेव्हाच्या पर्यवेक्षिकेने तिला बाजूला घेऊन प्रेमानेच समजावलं होतं. “बाई, लाल पोरगं सापडलं ना, की पोरगं आजारी नसतं. अंगणवाडी आजारी असते.” तेव्हापासून ती काट्यात तीनशे ग्रॅम मिळवून लिहायची. मुलं पिवळी राहायची आणि दारात जीप येत नसे. बहुतेक मुलं पुढे आपोआप सुधारली. कातकरी वस्तीवरची एक मुलगी दुसऱ्या थंडीत गेली. नोंदीत ती शेवटपर्यंत पिवळीच होती.

लेकीच्या नोंदी ठेवताना वैजयंताने वेगळं असं काहीच केलं नाही. हाताला वळणच ते होतं.

सगळंच ‘तंद्री’ लिहिलं तर डोळ्यावर येतं, हे तिला कळत होतं. म्हणून पहिल्या महिन्यात तिने पंधरा ठिकाणी ‘फिट’ दाबलं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात दोन. असा तक्ता बघायला साहेबांना आवडतो. कुठल्या पंधरा, कुठल्या सहा, याला काही धरबंद नव्हता. कुकरची शिट्टी होत असायची, मोबाइल विचारत असायचा, आणि ती पोळी उलटता उलटता डाव्या हाताने बटण दाबायची. पुढे पुढे तर वेळ पूर्ण ऐकायच्या आतच.

मोठी फिट त्या तीन महिन्यांत एकदाही आली नाही. ते काम चकती स्वतःच्या हिमतीवर करत होती आणि चोख करत होती. त्यामुळे वैजयंताला, दिनकरला, साऱ्या गावालाच वाटलं की पोर बरी झाली.

समितीसमोर एकशे साठ नोंदी गेल्या. तेवीस फिट, एकशे सदतीस तंद्री. डॉ. मुजावर यांनी वैजयंताचा हात हातात घेतला. “ताई, निम्म्या घरांनी अर्ध्या नोंदी सोडून दिल्यात. तुमचा एक रकाना रिकामा नाही. अशी आई प्रत्येक मुलाला मिळावी.”

वैजयंताला त्या शब्दांची लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. सतरा वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं.

*

नव्वद दिवसांनंतर मोबाइलने विचारणं बंद केलं. चकतीचं शिक्षण संपलं होतं. आता राजी झोपली की ती निमूट आपलं काम करायची. ज्या एकशे सदतीस लहरी या मुलीच्या स्वतःच्या, निरोगी म्हणून तिला सांगितल्या गेल्या होत्या, त्यांच्या वाटा ती रोज राखायची, खतपाणी घालायची.

दिवाळीनंतर राजीच्या थांबण्याची तऱ्हा बदलली. आधी ती थांबायची आणि होती तिथून पुढे चालू लागायची. आता मागचं पुसलं जाऊ लागलं.

“मम्मी, आज ना शाळेत कुत्रं आलं, आणि सरांनी ना...”

“सरांनी काय केलं?”

“कुठले सर?”

“अगं, तूच सांगत होतीस की. शाळेत कुत्रं आलं.”

“कुत्रं?” राजी खुदकन हसली. “मम्मी, काय पण बोलतीस तू!”

पहिल्यांदा तिघंही हसले. महिन्याभरात हसायचं कोणाला सुचेना. राजीलाही कळू लागलं होतं की आपण काही बोलायला गेलो की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो. ती गोष्टी सांगायचीच कमी झाली. ‘हो’, ‘नको’, ‘भूक लागली’, एवढ्यावर तिचं भागायचं. शाळेतले कदम सर एकदा घरी येऊन गेले. “ताई, पहिलीत ही पोरगी माझ्यापुढं धडा घडाघडा वाचायची. आता ओळीच्या शेवटाला पोचते तवर ओळीची सुरुवात हिच्याकडं नसते. चिडवतात पोरं. मी गप्प करतो, पण किती करणार?”

वैजयंता म्हणाली, वाढीचं वय आहे, होईल. सर गेल्यावर ती बराच वेळ भांडी घासत बसली. आधीच घासलेली होती ती.

*

वर्षाच्या तपासणीला डॉ. मुजावर यांनी पुन्हा पडद्यावर चित्र लावलं. शेजारी शेजारी दोन. एक राजीच्या वयाच्या दुसऱ्या मुलीचं, एक राजीचं. वैजयंताला त्यातलं फार कळत नव्हतं, पण फरक कोणालाही दिसला असता. पहिल्या चित्रात कपाळामागून कानाकडे रेघांची दाट जाळी पसरली होती. राजीच्या चित्रात ती विरळ होती, विरलेल्या पदरासारखी. आणि मध्यभागी एक जाडजूड जुडगा होता, जो पहिल्या चित्रात नव्हताच.

“ही फिटची वाट आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता. “ही वाळायला हवी होती. चकतीने ती राखली. नऊ महिने, रोज रात्री. आणि तिला जागा करून द्यायला मेंदूने भाषेच्या जोडण्या काढून टाकल्या.”

“चकती बिघडली?” दिनकरने विचारलं.

“नाही. सांगितलं ते तिने केलं. तिला आपण सांगितलं होतं की ही तंद्री आहे.” डॉक्टर वैजयंताकडे वळल्या. “ताई, मी आरोप करत नाही. पण मला कळायला हवं. त्या एकशे सदतीस नोंदी बघून केल्या होत्या?”

वैजयंताने मांडीवरची फाइल सरळ केली.

“काही... घाईत झाल्या असतील,” वैजयंता म्हणाली.

डॉक्टरांनी पडदा बंद केला. “ठीक आहे. झालं ते झालं. अजून वाट आहे. ही छाटणी आठ-नऊ वर्षांच्या वयापर्यंत जोरात चालते. आपल्या हातात वर्ष-दीड वर्ष आहे. चकतीला नव्याने शिकवता येईल, पण आताच्या लहरींवरून नाही, आता सगळं एकमेकांत मिसळलंय. त्या पहिल्या नव्वद दिवसांच्या लहरी माझ्याकडे जपलेल्या आहेत. त्या एकशे सदतीसमधली फिट कुठली आणि तंद्री कुठली, एवढं कळलं तर चकती उलट दिशेने काम करेल. शंभर तरी खात्रीच्या लागतील. त्याहून कमी असतील तर समिती परवानगी देणार नाही, आणि मीही मागणार नाही.”

“का म्हणून?”

“कारण चुकीची वाट उपाशी ठेवली तर जे बोलणं उरलंय तेही जाईल. मग ते परत आणायला माझ्याकडे काही नाही.” त्यांनी टॅबलेट वैजयंतासमोर सरकवला. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, सेकंद. पुढे तीन रिकामी बटणं. “घाई नाही. तास घ्या, दोन तास घ्या. आठवतंय ते आणि तेवढंच सांगा.”

त्या बाहेर गेल्या. काचेपलीकडे खेळायच्या खोलीत राजी ठोकळे रचत होती. एक परिचारिका तिला काहीतरी विचारत होती आणि राजी मान हलवत होती.

वैजयंताने यादी वरून खाली सरकवली. अठ्ठावीस जून, एकोणतीस जून, एक जुलै. तारखा तारखांसारख्या दिसत होत्या. पोळ्या, कुकर, अंगणवाडीतले वजनाचे दिवस, सगळं एकमेकांत कालवलेलं होतं. ती विसरली होती असंही म्हणता येईना. आठवायला आधी पाहिलेलं असावं लागतं.

“किती आठवतंय?” दिनकरने हळू विचारलं.

तिने यादी पुन्हा वर सरकवली.

“मग सांग तिला तसं. आठवत न्हाई म्हण.”

“म्हणते. मग ती म्हणणार, काही करता येत न्हाई. घेऊन जा घरी. आणि दीड वर्ष आपण हिच्या तोंडाकडं बघत बसायचं.”

“चुकलं तर उरलंसुरलं जाईल म्हणली ती.”

“आणि बरोबर आलं तर?”

“बरोबर कसं येईल, वैजू? चिठ्ठ्या टाकल्यासारखंच की ते.”

“तुम्ही सांगा मग!” ती एकदम म्हणाली. “तुम्ही पण घरातच हुता ना? पेला पडलेला तेवढा दिसला. पुढच्या एकोणनव्वद दिवसांत किती बघितलं? सांगा, लिहिते मी.”

दिनकर उठून काचेपाशी जाऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. तेवढ्याने तिला हवी ती परवानगी मिळाली.

पहिल्या पाच-सहा नोंदी तिने पुन्हा पुन्हा वाचल्या. पेल्याच्या नोंदीपुढे तिने ‘फिट’ दाबलं. ती तेवढी दोघांची होती. पुढे हाताला लय सापडली. शाळेच्या वेळेतल्या बऱ्याचशा फिट, कारण पोर तेव्हा दमते. सुट्टीच्या दुपारी तंद्री. सात सेकंदांच्या वरची फिट, पण दोन-तीन सोडून, कारण खऱ्या नोंदी इतक्या नीटनेटक्या नसतात. सलग पाच सारख्या आल्या की सहावी बदलायची. मध्येच मागे जाऊन एखादं उत्तर फिरवायचं, म्हणजे विचार करून लिहिल्यासारखं दिसतं. पाऊण तासात यादी संपत आली.

सगळ्याच रकान्यांत उत्तर असलं की तपासणाऱ्याला शंका येते, हेही तिला माहीत होतं. काही ठिकाणी ‘पाहिलं नाही’ यायलाच हवं होतं. तिने नऊ जागा ठेवल्या.

डॉ. मुजावर आल्या. उभ्या उभ्याच त्यांनी यादी चाळली, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा सावकाश चाळली. “चौऱ्याऐंशी फिट, चव्वेचाळीस तंद्री, नऊ पाहिलं नाही.” त्यांनी वर बघितलं. “एकशे अठ्ठावीस. इतक्या आठवतील असं मला वाटलं नव्हतं. खात्रीने सांगताय ना, ताई?”

“हो.”

“दिनकरभाऊ?”

दिनकर काचेपाशीच उभा होता. “नोंदीचं तिला कळतं,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी खाली अंगठा टेकवला. टॅबलेटने हलका आवाज केला. नवं शिक्षण त्याच दिवसापासून सुरू होणार होतं.

नऊ ‘पाहिलं नाही’मध्ये बारा ऑगस्टची एक नोंद होती. संध्याकाळी सहा चाळीस, अकरा सेकंद. त्या संध्याकाळी राजी तिच्या मांडीत पाठमोरी बसलेली होती आणि ती तिची वेणी घालत होती. अर्ध्या वेणीत पोरीची मान सैल होऊन मागे आली आणि तिच्या छातीवर टेकली. वैजयंताने कंगवा दातांत धरला, दोन्ही हातांनी ते डोकं धरलं आणि मनातल्या मनात आकडे मोजले. अकरा आकडे झाले तेव्हा राजी म्हणाली, “मम्मी, केस ओढू नको ना.” ती फिट होती हे कळत असूनही मोबाइलने विचारलं तेव्हा तिने ‘तंद्री’ दाबलं होतं.

पेल्याची सोडली तर साऱ्या यादीत तिला स्वतःला पक्की आठवत होती ती तेवढी एकच.